सासऱ्याच्या नावे इंग्रजी अर्ज

शिवरुद्रअप्पा आणि मी अकरा वर्षं परभणीच्या कचेरीसमोर एकाच चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले, पण आमच्या दोन चटयांमध्ये हातभर जागा कायम मोकळी असायची. ती त्याच्या मानाची होती. मी उर्दूत लिहायचो, तो इंग्रजीत. उर्दू लिहिणारे आम्ही सहाजण होतो आणि इंग्रजी लिहिणारा तो एकटा. निजामाच्या राज्यात इंग्रजी अर्ज लागायचा तो रेल्वेच्या गोऱ्या साहेबांना तेवढा. त्यामुळे अप्पाकडे गिऱ्हाईक कमी आणि रुबाब जास्त.

इंग्रजी त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका स्टेशनमास्तरनं बदली होऊन जाताना त्याला जाडजूड डिक्शनरी दिली. अप्पा पहिल्या पानापासून वाचत निघाला आणि ‘आस्क’ या शब्दापाशी येऊन जो थांबला तो तिथंच राहिला. या धंद्याला पुढची पानं लागत नाहीत, असं त्याचं मत झालं. आस्क म्हणजे विचारणं, आस्क म्हणजे मागणं, आस्क म्हणजे कुणाला जेवायला बोलावणं, आणि दुकानदारानं मालाचा भाव सांगायचा तोही आस्कच. “बगा किशनराव,” तो मला म्हणायचा, “एवडा मुलूख ताब्यात घेतला, आन् समद्याला एकच शबुद. ह्याला म्हणतेत शिस्त.” मला त्यात शिस्त दिसत नव्हती, चिक्कूपणा दिसत होता.

पण नुसतं मागायचं म्हटलं तर त्याच इंग्रजांकडे नऊ शब्द निघाले. अप्पानं ते ‘आस्क’खालच्याच अर्थांतून हुडकून काढले आणि अधिकाऱ्याच्या दर्जाप्रमाणे लावले. स्टेशनमास्तरला रिक्वेस्ट. त्याच्या वरच्याला सॉलिसिट. मग प्रे, मग बेग, असं चढत चढत सिकंदराबादच्या मोठ्या साहेबाला इम्प्लोर. मला हसायची सोय नव्हती, कारण उर्दू अर्जात आम्हीही अदब दर्जा पाहूनच घालायचो. पेशकाराला, म्हणजे साध्या कारकुनाला, तालुकदाराची अदब लागली तर तालुकदार अर्ज फेकून देई. नवांतला सगळ्यात वरचा शब्द होता सप्लिकेट. जमिनीवर आडवं पडून मागायचं असेल तर तो वापरायचा, असं अप्पा सांगे. त्यानं तो एकदाही वापरला नव्हता. “त्या दर्जाचा मानूस आजून भेटला न्हाई,” म्हणायचा.

घरी मात्र तो मागत नसे, सांगत असे. पाणी दे. टोपी आण. दिवा लाव. घरात मागणारं माणूस एकच, ते म्हणजे त्याची बायको महानंदा, आणि तीही वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी काही मागायची.

अकराव्या साली तिची आई सोनपेठला अंथरुणाला खिळली. महानंदानं विचारलं, “आईला बगून येऊ का?” अप्पा म्हणाला, “जेरे गौर हाय.” म्हणजे विचार चालू आहे. कचेरीत कुठल्याही अर्जाला पहिलं उत्तर हेच मिळतं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. अकरा वर्षं कचेरीच्या तोंडाशी बसून त्याची पक्की समजूत झाली होती की लगेच दिलेल्या उत्तराला वजन नसतं. तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, पाचव्या दिवशी विचारलं. नवव्या दिवशी सोनपेठहून बोलवायला माणूस आला, तेव्हा ती न विचारता निघाली. पोखर्णीवरून गंगाखेडपर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं. ती पोचली तेव्हा आईला लिंगायत रिवाजानं समाधी देऊन, म्हणजे पुरून, आलेली माणसं अंघोळी करत होती.

ती परत आली नाही.

दोन महिने गेले. अप्पाच्या सदऱ्याची बटणं एकेक करून गेली आणि तो दुपारी फुटाण्यांवर भागवू लागला. मला त्याची कीव यायची आणि त्याहून जास्त राग. तो राग अजून गेलेला नाही. एक दिवस मी म्हणालो, “अरे, सोनपेठ काय विलायतेत आहे? जा, आणि घेऊन ये.”

“तोंडी मागन्याला काय आधार? कागद पायजे.”

“मग लिही की मराठीत चार ओळी.”

“मराठीत मी कदी कुनाला मागितलंच न्हाई, किशनराव. जमायचं न्हाई मला.”

हे तो खरं बोलत होता.

चार दिवस खपून त्यानं अर्ज तयार केला. बायको सध्या बापाच्या ताब्यात, तेव्हा कायद्यानं अर्ज बापामार्फत जायला हवा, म्हणून तो सासऱ्याच्या, मन्मथअप्पांच्या नावे केला. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या बाबूकडून तो टाइप करून घेतला, खाली इंग्रजी सही ठोकली. नऊच्या नऊ शब्द त्यात चढत्या क्रमानं होते. शेवटच्या ओळीत सप्लिकेट. पाकीट टपालात पडलं आणि अप्पा रोज टपालवाल्याची वाट बघू लागला.

सोनपेठला काय झालं ते आम्हाला मागाहून कळलं. टपाल मुन्शीला उर्दू तेवढी येत होती. त्यानं कागद उलटासुलटा करून सांगितलं, इंग्रजी आहे, छापील आहे, म्हणजे सरकारी आहे. सरकारी म्हणजे जमिनीचंच असणार, हे मन्मथअप्पांनी स्वतःच ठरवलं आणि त्यांचं जेवणखाण सुटलं. सोनपेठच्या पंचक्रोशीत इंग्रजी वाचणारा माणूस नव्हता. इंग्रजी जाणणारा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि तो त्यांचा जावई होता.

पाकीट टाकल्याच्या सतराव्या दिवशी बापलेक परभणीला आले. जावयाचं तोंड बघायचं नाही म्हणून मन्मथअप्पा कचेरीच्या भिंतीशी आमच्याकडे पाठ करून बसले. महानंदा अप्पाच्या गिऱ्हाइकांत येऊन बसली. तिच्या आधी दोघं होते. ती आपला नंबर येईपर्यंत थांबली. अप्पानं तिला पाहिलं मात्र, आणि समोरच्या माणसाच्या अर्जात साध्या स्टेशनमास्तरला इम्प्लोर घालून बसला.

नंबर आल्यावर तिनं नमस्कार करून कागद पुढे केला. “शरणार्थ. एवडं वाचून सांगा. जमिनीचं हाय म्हणून बाबा लय घाबरलेत.”

अप्पानं कागद ओळखला. त्याच्या कपाळावरच्या विभूतीतून घाम ओघळला.

“जमिनीचं न्हाई,” तो म्हणाला.

“मग?”

“मागनं हाय.”

“कोन मागायलाय?”

“मी.”

भोवतीची माणसं सरकून जवळ आली. मीही टाक खाली ठेवला.

“काय मागायलाय?”

“तू परत ये म्हणून.”

“एवडंच? मग कागद का एवडा लांब?”

अप्पा एकेका शब्दावर बोट ठेवून सांगू लागला. ही विनंती. ही प्रार्थना. ही याचना. चौथ्या शब्दाला तो अडखळला, पाचव्याला थांबला. “म्होरं बी तेच हाय,” म्हणाला.

महानंदानं कागद आपल्याकडे ओढला. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तिनं तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

“ह्यात माज्या आईचं कुटं लिवलंय?”

कागद त्यानंच लिहिलेला. तरीही अप्पानं तो हातात घेऊन पुन्हा सगळा वाचला. मग म्हणाला, “न्हाई लिवलं.”

“एकदा बी न्हाई?”

“न्हाई.”

आमच्याकडे चारचौघांत कुणी बायकोचं नाव घेत नसे. अप्पानं घेतलं. “महानंदा, माजं चुकलं. आठ दिस तुला बसवून ठिवलं. तुजी आई माज्यामुळं तुला भेटली न्हाई.”

ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, चांगली बराच वेळ रडली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “आत्ता म्हनलात, ते इंग्रजीत कसं म्हणतेत?”

“येत न्हाई मला,” अप्पा म्हणाला.

येत कसं नव्हतं? तो शब्द तर मलाही ठाऊक होता. स्टेशनवरचा तिकीटबाबू माणसांच्या पायावर पाय देत दिवसातून दहादा ‘सॉरी’ म्हणायचा. पण मी तोंड उघडलं नाही.

महानंदा उठली. भिंतीशी जाऊन बापाशी दोन शब्द बोलली. म्हातारा एकटाच स्टेशनच्या रस्त्याला लागला. ती उलट्या बाजूला, घराकडे चालू लागली. अप्पा दौत, टाक, डिक्शनरी सगळं तिथंच टाकून तिच्या मागून निघाला, चार पावलांचं अंतर ठेवून.