अक्काचं अंगण आणि आईचं खापर

दारात भंगारवाला उभा होता आणि माझ्या हातात कान तुटलेला कुकर. देऊ की नको... असली वस्तू हातात आली की मनात पहिलं येतं, अक्काला चालेल. दोन वर्षं तिच्याशी जवळजवळ अबोलाच होता, तरी तेच आलं. तेवढ्यात भडगावहून भाचीचा, अक्काच्या मुलीचा फोन. "मावशी, आई गेली." सकाळी झाडांना पाणी घालता घालता अंगणातच पडली म्हणे. भंगारवाला विचारत होता, "देताय ना ताई?" मी कुकर तसाच छातीशी धरून दार लावून घेतलं.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर साक्रीकडच्या एका खेड्यातलं. तिथे तिने दुधाच्या गळक्या किटलीत पहिली मिरची लावली, आणि आई ती किटली घरभर शोधत होती. सापडली तेव्हा आईने कपाळाला हात लावला, पण मिरची काही उपटली नाही. लग्न होऊन अक्का भडगावला गेली आणि तिचं अंगणच भरलं. जर्मनची चेपलेली पातेली, फुटकी घमेली. भाऊजी गेल्यावर त्यांच्या हेल्मेटमध्येसुद्धा तिने ऑफिसटाइमचं रोप लावलं. तेलाच्या डब्याभोवती कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, सुतळीने आवळून बांधायची. जुना टॉवेल सिमेंटच्या पातळ काल्यात बुडवून पालथ्या बादलीवर वाळत घालायची, दोन दिवसांनी त्याची घड्या पडलेली कुंडी व्हायची. मी हसायचे, "अक्का, उद्या मी म्हातारी झाले की माझ्यातही रोप लावशील!" तिच्या लेखी सगळंच कामाचं. मान वर न करता म्हणायची, "बठ्ठं कामनं शे व. टाकू नको." एक नियम मात्र पक्का. खिळा ठोकून बुडाला भोक पाडल्याशिवाय ती कशातही माती घालत नसे. पाणी तुंबलं की मुळं कुजतात, हे तिने मला शंभरदा ऐकवलंय.

आमची आई गेली तेव्हा वाटणीला काहीच नव्हतं, मांड्यांचं खापर तेवढं. चुलीवर पालथं घालायचं ते मातीचं मोठं भांडं. आई हातावर झुलवत झुलवत पुरणाचा मांडा फुलवायची आणि त्या तापलेल्या बुडावर टाकायची. खापर अक्काकडे गेलं, कारण मांडे तिलाच जमायचे. माझा मांडा कोपराशीच फाटायचा. मग आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, मी धुळ्याहून एसटीने भडगावला जायचे. आईबाप नसलेल्या बाईला आखाजीला जायला एक दार लागतं, माझं ते दार अक्काचं होतं.

दोन वर्षांपूर्वी भाचीने मोबाइलवर फोटो पाठवला. आईचं खापर अंगणात उताणं, आणि त्यात गवती चहा डुलतोय. माझं डोकंच फिरलं. ज्यावर आईने मांडे भाजले, त्याच्या बुडाला हिने खिळा घातला! फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुला काही धरबंध उरला नाही, आईला पण भंगारात काढलंस, म्हणाले.  अक्का शेवटी एवढंच म्हणाली, "तू येईसन देख, मंग बोल." मी फोन आपटला. त्या आखाजीला गेले नाही. पुढच्या वर्षी तिचा फोन आला, "आखाजीले येशी ना व?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. दुखत होते, पण एसटीत न बसवण्याइतके नाही.

तेराव्यानंतर माणसं पांगली. अंगणात मी आणि त्या सगळ्या कुंड्या उरलो. रागाने नाही, नुसतंच, खापराशी बसले. पाती बाजूला केली तर आत पत्र्याचा डबा. डबा उचलला... खाली विटांचे चार तुकडे, थोडं साचलेलं पाणी. पाणी ओतून टाकलं आणि बुडावरून हात फिरवला. भोक नव्हतं. एक ओरखडाही नव्हता. भाची मागून म्हणाली, "आई रोज डबा काढून पाणी ओतायची मावशी. म्हणायची, तुझी मावशी येईल तेव्हा धुऊन चुलीवर ठेवायचंय." मला आधी का नाही सांगितलं, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. ती बिचारी म्हणाली, "आईनेच सांगू दिलं नाही. येऊन बघू दे म्हणाली."

खापर आता धुळ्यात माझ्या गॅलरीत आहे, डब्यासकट. शेजारी कान तुटका कुकर. त्याच्या बुडाला भोक पाडायचंय, पण खिळा नेमका कसा ठोकायचा हे विचारायला कोणी नाही. आखाजी पंधरा दिवसांवर आलीय. गेलेल्यांसाठी भरतात तशी तिच्या नावाची घागर मी भरेन, त्यावर खरबूजही ठेवेन. मांडे करणारी गेली आणि मला अजूनही मांडा येत नाही. रोज सकाळी चहासाठी दोन पाती खुडते, डबा उचलते, साचलेलं पाणी ओतते. मग बुडावरून हात फिरवून, तिच्या 'येईसन देख'ला उत्तर द्यावं तसं, कोणी ऐकत नसताना म्हणते, "उनू व अक्का. देखं."