प्रवीणचे पाण्यातले फोटो

कडावच्या बाजारात जिथं रिक्षा थांबतात, त्याच्या समोरच ‘भाविका फोटो’ नावाचं दुकान आहे. बारा वर्षांपूर्वी मी इथल्या शाळेत मराठी शिकवायला आले, तेव्हा कागदपत्रांना लागणारे फोटो तिथंच काढून घेतले. प्रवीण म्हसकर तेव्हा तिशीचा असेल. दुकानाला त्यानं आपल्या तान्ह्या मुलीचं नाव दिलं होतं. “बाई, हनुवटी जरा खाली घ्या. हसू नका, पण आता हसणारच आहात असं बघा,” असं म्हणून त्यानं जो फोटो काढला, तो आजही माझा सगळ्यात बरा फोटो आहे.

तेव्हासुद्धा त्याची पाठ दुखतच होती, हे मला नंतर कळलं. सकाळी उठलं की तासभर अंग लाकडासारखं व्हायचं. कोणी म्हणालं भाताची पोती उचललीस, कोणी म्हणालं लग्नात दिवसदिवस उभा राहतोस. तेल झालं, शेक झाला, कमरेचा पट्टा झाला. शेवटी पनवेलच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की मणके एकमेकांना जुळत चाललेत. आजाराचं नाव एवढं लांब की प्रवीणनं ते एका अल्बमच्या पाठीवर लिहून ठेवलं: अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. औषधांनी दुखणं कमी झालं, पण जुळलेलं परत सुटलं नाही. अडतिसाव्या वर्षापर्यंत पाठ खांद्यापासून पुढं वाकली आणि मानही तशीच धरली. उभा राहिला की त्याला जमीन दिसायची, फार तर समोरच्या माणसाचा कमरेपर्यंतचा भाग.

तरी तो लग्नं घेत राहिला. कॅमेरा छातीशी धरायचा आणि अंदाजानं वर रोखायचा. वीस वर्षांचा हात, बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. कुंभिवलीच्या पुढं हायवेला एका कार्यालयात मात्र स्टेज नेहमीपेक्षा उंच निघालं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, प्रवीणनं फोटो घेतले. दोन दिवसांनी मुलीचे वडील दुकानात येऊन उभे राहिले.

“माझ्या पोरीचं तोंड कुठाय रं?”

त्या क्षणाचे चौदा फोटो होते. त्यांत हार होते, शालू होता, मुंडावळ्यांची टोकं होती. चेहरे नव्हते. प्रवीणनं हात जोडले. ते गेल्यावर त्यानं शटर ओढलं आणि घरी आला.

पुढं आठ महिने तो घराबाहेर पडला नाही. त्याची बायको विनिता बारावी झालेली, अल्बमची मांडणी आधीपासून तीच करायची. महिनाभरानं तिनं दुकान उघडलं आणि पासपोर्ट फोटो, झेरॉक्स असं जमेल ते सुरू ठेवलं. प्रवीण ओसरीवर खुर्चीत बसून राही. त्याची आई गोदूबाई फटकळ आहे. एक दिवस ती म्हणाली, “त्या फरशीवर काय लिवलंय का रं? सारखा वाचतोस ती!”

जानेवारीत राजनाला नावाच्या आमच्या कालव्याला पाणी सुटलं. आमच्याकडं त्या पाण्यावर उन्हाळी भात होतं. म्हसकरांचं सगळं घर लावणीला शेतावर, आणि गोदूबाईनं लेकालाही सोडलं नाही. “काम नको करू. बांधावर येऊन बस. माणसांत ये जरा.”

काठी टेकत प्रवीण बांधावर पोचला तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. वारा नव्हता. आदल्या दिवशी चिखलणी केलेलं खाचर रात्रीत निवळलं होतं. आणि त्या पाण्यात पेठच्या किल्ल्याचा सुळका उभा होता, उलटा, अगदी कापून काढल्यासारखा. त्याच्या खाली ढगाचा एक पट्टा होता आणि त्या पट्ट्यावरून एक बगळा गेला.

“बाई, दोन वर्षं मी तो डोंगर बघितला नव्हता,” पुढं कधीतरी त्यानं मला सांगितलं. “घराच्या मागंच हाय तो. पण नव्हता बघितला.”

तेवढ्यात विनिता भाकरीची टोपली घेऊन समोरच्या बांधावर आली. घरात ती त्याच्याशी बोलायची तेव्हा पुढ्यात बसून बोलायची, म्हणजे त्याला तोंड दिसावं. उभी विनिता, डोक्यावर टोपली घेतलेली, सासूच्या कुठल्याशा बोलण्यावर हसणारी, त्यानं कितीतरी दिवसांनी बघितली, तीही पाण्यात. तो इतका वेळ खाली बघत राहिला की ती घाबरली.

“काय झालं वो?”

“काय नाय. हलू नको. तशीच उभी रहा.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला.

ते पहिले फोटो साफ फसले. पाण्यावर तरंगणाऱ्या काडीची रेषन् रेष स्पष्ट आणि विनिता, डोंगर, आभाळ सगळं पुसट. आयुष्यभर फोटो काढलेल्या माणसाला दोन दिवस त्याचं कारण सापडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. “मी पाण्याचा फोटो काढत होतो,” तो म्हणाला. “पण डोंगर काय पाण्याच्या वर चिकटलेला नसतो. तो इथून जेवढा लांब, तेवढाच लांब पाण्यातपण असतो. फोकस तिथवर पाठवायला लागतो.” हे मला समजावताना त्याचे डोळे असे चमकत होते की मी विज्ञानाची शिक्षिका नसल्याचं मला वाईट वाटलं.

मग मोठा कॅमेरा बाहेर आला. पट्टा आखूड करून त्यानं तो पोटाशी लटकवला आणि दिवसभर गावातून फिरू लागला. डेअरीवर दुधाच्या कॅनच्या झाकणात रांगेतल्या बायकांचे लांबुडके चेहरे त्याला मिळाले. गॅरेजपुढच्या ऑइल सांडलेल्या डबक्यात रंगीत झालेला विजेचा खांब मिळाला. चहाच्या पेल्यात टपरीचं छप्पर, उभ्या मोटरसायकलच्या आरशात मागून येणारी म्हैस. लोक आधी थट्टा करायचे. “पव्या, गटाराचा फोटो काढतोस का रं?” मग तो कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढं धरायचा आणि ते, “आरं, ही तर आपली शाळा!” म्हणून दुसऱ्याला हाक मारायचे. त्याला मात्र सहजी काही पसंत पडत नसे. “दहा काढतात नि नऊ पुसतात,” असं विनिता तक्रारीच्या सुरात सांगायची. पण तो एक पुसला जाऊ नये म्हणून कार्डाची प्रत करून ठेवणारीही तीच.

एकदा मी सुचवलं, फोटो उलटा फिरवून लावला तर डोंगर सरळ दिसेल. त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलत नाही. “नको बाई. मी बघितलं ते असंच होतं.”

लावणीला येणाऱ्या बायकांत डोंगराखालच्या कातकरवाडीची आवडी होती. वारा थांबायची वाट बघत प्रवीण बांधावर तासन् तास बसतो, हे तिनं बरेच दिवस पाहिलं. शेवटी म्हणाली, “दादा, हितं काय बसतोस? आमच्या डवऱ्यावर ये. तिथं वारा घुसतच नाय.”

डवरा म्हणजे कोरड्या ओढ्याच्या वाळूत पाण्यासाठी खणलेला खड्डा. एप्रिलात विनितानं त्याला स्कूटरवरून वाडीपर्यंत नेलं. पुढची पायवाट पंधरा मिनिटांची, त्याला तास लागला. आवडी पुढं राहून पायानं धोंडे बाजूला सारत होती. उंबराच्या सावलीत परातीएवढं पाणी होतं. एकेक बाई यायची, करवंटीनं पाणी भरायची, तळ ढवळला जायचा. शेवटचा हंडा गेल्यावर आवडी म्हणाली, “निवळू दे,” आणि स्वतः काठावर बसली. पाणी निवळायला वीस मिनिटं लागली.

त्या फोटोत आवडीचा चेहरा आहे, वर उंबराची पानं आहेत आणि हातात रिकामी करवंटी आहे. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही. झऱ्यातून किती पाणी आलं, ते बघते आहे. माझ्या मते प्रवीणनं काढलेला हा सर्वांत मोलाचा फोटो.

याच काळात विनितानं लग्नाचा कॅमेरा हातात घेतला. शिकवायचा तोच. स्टेजपुढं कुठं उभं राहायचं, मामा मुलीला घेऊन येताना कुठल्या कोपऱ्यात आधीच पोचायचं, हे तो खुर्चीत बसून सांगे आणि ती घरातल्या उशा मांडून सराव करी. पहिलं लग्न करून आल्यावर तिनं कार्ड त्याच्या हातात दिलं. “घ्या. सगळ्यांची मुंडकी आणलीत.” त्या दिवशी म्हसकरांच्या ओसरीवरून हसण्याचा आवाज बाजारापर्यंत आला, असं लोक सांगतात.

मागच्या डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याचे फोटो मांडावेत, असं मी ठरवलं. मुख्याध्यापकांनी सभागृह दिलं. चाळीस फोटो मोठे करून आणले. आदल्या दिवशी दुपारभर शिपायाला हाताशी घेऊन मी ते भिंतींवर एका रेषेत लावले आणि स्वतःवर खूश झाले.

संध्याकाळी प्रवीण आला. काठी टेकत भिंतीच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. त्याला काय दिसत होतं ते मी बघत होते. खुर्च्यांचे पाय, भिंतीचा तेलकट पट्टा आणि शिपायानं राहू दिलेला केर.

“छान लावलेत, बाई,” तो म्हणाला.

सॉरी म्हणावं की रडावं, कळेना. विनिता पुढं झाली आणि तिनं पहिला फोटो खिळ्यावरून उतरवून सतरंजीवर ठेवला. मग दुसरा. मग मी आणि शिपाईही लागलो. आठ वाजेपर्यंत चाळीसच्या चाळीस फोटो जमिनीवर रांगांनी मांडून झाले होते. प्रवीण मधल्या वाटांमधून फिरला. एका फोटोपाशी थांबून त्यानं तो काठीनं दोन बोटं सरकवला. “ह्यो जरा उजवीकडं,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. चपला बाहेर काढून लोक आत येत आणि उभ्यानं काही नीट दिसत नाही म्हणून गुडघ्यांवर हात टेकून वाकत. आमच्या माजी सरपंचांचं पोट बरंच सुटलंय. सहा फोटो झाल्यावर ते कण्हत म्हणाले, “आरं बाबा, कंबार मोडली की माझी!” आणि सरळ होताना त्यांची नजर दाराजवळ खुर्चीत बसलेल्या प्रवीणवर पडली. मग ते परत पहिल्या फोटोपाशी गेले आणि पुन्हा वाकले. गोदूबाईला काही अडचण नव्हती. तिनं पदर खोचला आणि उकिडवी बसून, शेतातलं तण बेणताना सरकतात तशी, एकेक फोटो पुढं सरकत राहिली.

आवडी दुपारी आली. स्वतःच्या फोटोपाशी बराच वेळ बसली.

“पाणी कमीच होतं त्या दिवशी,” ती म्हणाली. “पन मी बरी दिसते.”

मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीतल्या काही बायका त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी प्रवीणला गळ घातली आणि आता दर दुसऱ्या शनिवारी तो त्यांच्या महिला मंडळात मोबाइलवर फोटो काढायला शिकवतो. परवा मीही गेले होते. पंधरा बायका सतरंजीवर बसलेल्या, त्यामुळं सगळ्यांचे चेहरे त्याला दिसत होते. एकीनं प्रेशर कुकरच्या झाकणातला आपल्या स्वयंपाकघराचा फोटो पुढं केला.

“सर, माझा चेहरा वाकडा आलाय. दुसरा काढू का?”

प्रवीणनं मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

“कुकर गोल हाय, म्हणजे वाकडा येणारच. ही मागं खिडकी हाय ना? त्या खिडकीबाहेर काय दिसतं, ते मोठं करून बघा.”

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. क्षणभर बघितलं आणि एकदम हसली.

“अगंबाई, आमचे हे! ड्युटीवरून येऊन सायकल लावतायत. मला दिसलेच नव्हते.”

“मग दुसरा कशाला काढता?” प्रवीण म्हणाला. “ह्योच ठेवा.”