वाचकांसाठी ठेवलेला खडू

जालना जिल्हा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी मी टेंभुर्णीच्या बसस्टँडवर बातम्यांचा फळा सुरू केला. मला त्याचा फार गर्व होता. आज लाज वाटते, पण गर्व होता हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या गर्वातूनच झालं.

मी तेव्हा नुकताच बी.ए. झालेलो, नोकरी नाही, शेतात हात चालत नाहीत आणि तोंड मात्र सारखं चालतं असा. स्टँडला लागून ग्रामपंचायतीची भिंत होती. त्या भिंतीवर पंचायतीनं मला सिमेंटचा काळा फळा करून दिला. सकाळच्या पहिल्या गाडीनं पेपर यायचा. त्यातल्या पाच-सहा बातम्या निवडून मी फळ्यावर लिहायचो. फळ्याचा खालचा भाग मात्र मी रिकामा ठेवायचो. तिथं एक आडवी रेघ, रेघेखाली 'वाचकांचे मत' असं शीर्षक आणि फळ्याच्या कडेवर एक खडू. ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं. दुसऱ्या दिवशी नव्या बातम्या लिहीपर्यंत त्यातलं एक अक्षर पुसायचं नाही, हा माझा नियम. वरचं पेपरचं, खालचं गावाचं, असं मी भेटेल त्याला सांगत फिरायचो. अशी सोय जिल्ह्याच्या गावाला पण नाही, हेही सांगायचो.

पहिले काही महिने मजेत गेले. कापसाच्या भावाच्या बातमीखाली कोणीतरी लिहिलं, 'हा भाव कोणत्या गावात मिळतो ते पण लिहा.' मंत्री दौऱ्यावर येणार म्हणून लिहिलं, तर खाली आलं, 'येताना पाण्याचा टँकर आणा.' गाडीची वाट पाहणारी माणसं वरच्या बातम्या सोडून आधी खालचं वाचायची आणि हसायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

समोर एका मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या तीन पिढ्या गावातच झालेल्या. ते रोज गादीवरून हा प्रकार पाहायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "भाऊ, खडू घरी घेऊन जात जा."

मी म्हणालो, "लोकांना बोलू द्यायचं न्हाई का मंग?"

"बोलू द्या ना. मी गिऱ्हाइकाला कपडा पाहू देतो, हात लावू देतो, नावं पण ठेवू देतो. कात्री देत न्हाई हातात."

मी त्यांना लोकशाहीवर बरंच ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ठाण दाखवायला लागले. व्यापारी माणूस, याला काय कळणार, असं मी मनात म्हणालो.

माझा नियम एकदाच मोडला होता. कोणीतरी लिहिलं, 'सरकारी हातपंप सरपंचाच्या मळ्यात काय करून राह्यला?' तासाभरात पंचायतीचा शिपाई आला आणि भिंत पंचायतीची आहे एवढंच बोलला. मी फडकं ओलं करून ती ओळ पुसली. त्या फळ्यावर आलेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि तेवढंच मी पुसलं. त्या दिवशी माझं तत्त्व कुठं गेलं होतं हे मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा घरीच राहायची. लग्न झालं होतं. पण नवरा मारायचा, म्हणून वर्षाच्या आत परत आलेली. वडिलांनी नाइलाजानं ठेवून घेतलं. घरात तिचं बोलणं कमी झालं होतं, पण ती शिकत राहिली. डी.एड. झाली आणि जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. ऑर्डर हातात आली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात एकटीच बसून हसत होती, हे मी पाहिलं आहे.

तिची ऑर्डर आली ही काही पेपरात येण्यासारखी बातमी नव्हती. मी ती फळ्यावर सगळ्यात वर लिहिली. गावच्या कन्येची शिक्षिकापदी निवड, असं मोठ्या अक्षरांत. भावाचं कौतुक, दुसरं काय.

संध्याकाळी खाली 'अभिनंदन' होतं आणि 'पेढे कधी?' होतं. दुसऱ्या दिवशी कापसाची बातमी होती, तिच्याखाली आलं, 'बाईंची ओळख कोणत्या साहेबाशी?' तिसऱ्या दिवशी क्रिकेटची बातमी होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'नवऱ्यानं टाकली, साहेबानं उचलली.'

हे लिहिलं जायचं दुपारी, उन्हात स्टँडवर चिटपाखरू नसताना. मी सकाळी पुसायचो, संध्याकाळपर्यंत नवीन तयार. वरची बातमी धरणाची असो की निवडणुकीची, खाली आक्काच. आणि आक्काला शाळेला जायची गाडी त्याच स्टँडवरून पकडावी लागायची. उतरायचं पण तिथंच. संध्याकाळी ती गाडीतून उतरली की माणसं फळा वाचायची आणि मग तिच्याकडे पाहायची. काही जण उलटं करायचे, आधी तिच्याकडे पाहून मग फळा वाचायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी डबा बांधता बांधता ती म्हणाली, "आज मी यायच्या आत पुसशील का ते?"

मी म्हणालो, "आक्का, तुझ्यासाठी पुसलं तर लोक म्हणतील, घरचं आलं की यानं नियम बदलला."

तिनं डब्याला गाठ मारली. "बरं," म्हणाली. एवढंच. मला तर त्या वेळी स्वतःचं कौतुकच वाटलं. सख्ख्या बहिणीसाठीही नियम मोडला नाही, असा माणूस गावात दुसरा कोण होता? इतका मूर्खपणा माणसाला शिक्षण घेऊनच जमतो.

मग ती स्टँडवर यायचीच बंद झाली. दोन किलोमीटर चालून पुढच्या फाट्यावर जायची आणि तिथं गाडीला हात करायची. येताना पण तिथंच उतरायची. आठ दिवसांत फळ्यावर आलं, 'फाट्यावर कोण भेटतं, विचारा.'

हे सगळं कसं कोण जाणे, तिच्या सासरी पोचलं. परतूर तालुक्यात, आष्टीच्या बाजूचं गाव ते. तिथून सासरे दोन माणसं घेऊन आले. इतकी वर्षं ज्यांनी सुनेची चौकशी केली नाही ते बैठकीत बसून म्हणाले, "आमच्या घरचं नाव भिंतीवर लिहून राह्यले लोक. आम्ही तिला नांदवायला तयार हौत. नोकरी बंद करा."

वडील खाली मान घालून ऐकत होते. मी दाराशी उभा होतो. तिचा नवरा मारतो, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते बोललो नाही, कारण त्या खोलीत जे चाललं होतं ते माझ्याच फळ्यावरून आलं होतं आणि मी तोंड उघडलं असतं तर कोणीतरी मला तेच सुनावलं असतं.

आक्कानं तीन महिन्यांची नोकरी सोडली. राजीनामा तिनं स्वतः लिहिला. सासरी जाताना ती स्टँडवरूनच गेली, वडील बरोबर होते. त्या दिवशी मी फळ्यावर काय बातम्या लिहिल्या होत्या ते मला आठवत नाही. लिहिल्या होत्या एवढं नक्की. पुढं दोन वर्षं मी तो फळा चालवला. खडूही तिथंच ठेवायचो.

नंतर मी जालन्याला आलो, एका छोट्या दैनिकात लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. दोन हजारनंतर कधीतरी मालकानं पेपरची वेबसाइट काढली. बातम्यांखाली वाचकांना लिहायची सोय ठेवायची का, यावर बैठक झाली. मी एकटा ठेवू नका म्हणालो. पोरं हसली. एक म्हणाला, "सर, तुम्ही लोकशाहीच्या विरोधात आहात का?" तो अगदी मीच होतो, त्याला थोबाडीत द्यावीशी वाटली. सोय ठेवली गेलीच. शिवाय आलेल्या प्रतिक्रिया वाचून बघायचं काम माझ्याकडेच दिलं. अपघाताच्या बातमीखाली कोणाच्या तरी मुलीचं चारित्र्य, पावसाच्या बातमीखाली कोणाची तरी जात. नाव लिहायची गरज नाही. मी दिवसभर ते वाचायचो आणि पुसायचो. इथं पुसायला मला कोणी अडवलं नाही.

आक्काचा नवरा तोपर्यंत वारला होता. तिचा उजवा हात कोपरात नीट सरळ होत नाही. ते कशानं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि तो विषय कोणी काढत नाही. मी भाऊबीजेला तिच्याकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर मी तिला वेबसाइटचं सगळं सांगितलं. मी कसा एकटा विरोधात उभा राहिलो, हे जरा रंगवूनच सांगितलं. खरं सांगायचं तर मला तिच्याकडून माफी पाहिजे होती, आणि ती न मागता मिळावी असं वाटत होतं. म्हणून वर म्हणालोही, "तेव्हा मी ते पुसायला पाहिजे होतं, आक्का."

तिनं ताट बाजूला ठेवलं.

"तू पुसलं न्हाई त्याचं मला काही वाटलं न्हाई," ती म्हणाली. "पुसलं असतं तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलंच असतं. पण खडू तर तिथंच पडून होता ना. स्टँडवर उतरले की मी रोज पाहायचे, त्याच्याखाली तू काही लिहिलंय का म्हणून. एक ओळ. सगळ्या गावाला तुझं अक्षर ओळखू येत होतं."