तरन्नुमने धरलेली जागा

जेवणानंतर पाच मिनिटं टेकावं म्हणून मी प्रयोगशाळेच्या टेबलावर कपाळ ठेवते. फ्रीज घुरघुरतोय. उजव्या मुठीत तरन्नुमची शेवटची नळी आहे, तळाशी तपकिरी गाळ असलेली. लोखंडाच्या ऑक्साइडचे हे कण इतके बारीक, की ते एन्झाइमची नक्कल करतात आणि रंगहीन द्रावणाला निळं करतात. त्यांच्यावर डीएनए बसवला की निळा गडद होतो, हे तरन्नुमने दाखवलं. मग तिला ताप आला आणि आठवड्यात ती गेली. तिच्या बाकीच्या नळ्यांतले कण मी धुऊन वापरून पाहिले, निळा येतो तो अगदी फिका. आमचे गाइड सर म्हणालेत, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर तिचा भाग शोधनिबंधातून काढू. काढू म्हणे! मला सरांचा राग येतो, अशी मध्येच गेली म्हणून तिचाही येतो, आणि रागारागातच डोळा लागतो.

फ्रीजची घुरघुर वाढते. ती एसटीची आहे. मी कराडच्या स्टँडवर उभी आहे, टेबलाचा गारवा अजून कपाळाला लागतोय, आणि समोर गाडीच्या खिडकीत तरन्नुम. शेजारच्या सीटवर तिचा फुलाफुलांचा रुमाल टाकलेला.

"किती उशीर गं केतके! कधीची जागा धरून बसलेय."

"तू मेलीयेस," मी सांगते. स्वप्नातसुद्धा माझी जीभ अशीच.

"मग? मेलेल्यांनी खिडकीत बसू नये?"

उजव्या हातात नळी, म्हणून मी डाव्या हाताने खिडकीचा गज धरते. "तरू, तुझा निळा येत नाही गं."

"कण कशात धुतेस?"

"फॉस्फेट बफरमध्ये. आम्ही सगळं त्यातच धुतो."

ती कपाळावर हात मारते. "तुम्ही पेशी वाढवणारे म्हणजे ना! काहीही असो, तेच पाणी. अगं, डीएनए त्या कणाला धरून बसतो तो स्वतःच्या फॉस्फेटने. तू वर बाटलीभर मोकळे फॉस्फेट सोडलेस. बघ आता."

मी गाडीच्या आत आहे. सीट तपकिरी, ओलसर. लांब वेण्यांच्या मुली एकमेकींचे हात धरून रांगेने बसल्यात, प्रत्येकीने समोरचा दांडा पकडलाय. दार उघडतं आणि गर्दी घुसते. जो येतो तो तेच दांडे धरतो. मुली भांडत नाहीत. सरकत सरकत उठतात, उतरतात आणि खाली पाय टेकताच पाणी होतात.

"रंगाला जवळ ओढतात त्या याच," तरन्नुम म्हणते. "त्याच उतरल्यावर निळा येईल कसा?"

"मग कशात धुवू?"

"असिटेटमध्ये. वरच्या फळीवर माझी बाटली आहे. ते बिचारं कुणाची जागा मागत नाही."

मी पुन्हा खाली उभी आहे, गज हातात. इंजिन सुरू होतं.

"ती जागा माझ्यासाठी धरलीस ना? येते मी."

ती रुमालाकडे बघते. "धरली होती. एकटीला कंटाळा येईल म्हणून." मग रुमाल उचलते, झटकते आणि तिथे स्वतःची पिशवी ठेवते. "पण तू आलीस तर नळी कोण धुणार?"

गाडी हलते. मी गज धरून पळते.

"सोड केतके, हात सोलवटेल."

"मला तू हवीयेस. निळा गेला खड्ड्यात!"

"माहितेय गं," ती म्हणते, आणि माझी बोटं एकेक करून उचलते. तिचा हात गार नाही. याचंच मला रडू येतं.

फ्रीज बंद पडल्यासारखा गप्प आहे. खिडकीत ऊन. उजव्या मुठीतली नळी घट्ट बंद, थेंबही सांडलेला नाही. मी डावा हात उघडते. तळहातावर आडवी, गंजाची रेघ आहे. बोट फिरवलं की खरखरते, आणि वास लोखंडाचा.

हात धुवायला नळ सोडते आणि लगेच बंद करते. रेघेवरून सांभाळून ग्लोव्ह चढवते, स्टूल ओढते, आणि वरच्या फळीवरची असिटेटची बाटली खाली घेते.