खिळ्यांचा पट्टा

माणूस पैसेवाला असला की त्याच्या मूर्खपणालाही लोक अक्कल म्हणतात. आमच्या कोरीटच्या हिंमतराव पाटलाकडे बघून मला हे कळलं, आणि अजून आठवलं की तोंड कडू होतं.

इंग्रजी अमलातली गोष्ट. हिंमतरावाने एका मेंढपाळ ठेलाऱ्याकडून मोती नावाचा कुत्रा आणला. ठेलारी मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. खिळ्यांची टोकं बाहेर, म्हणजे बिबट्याने नरडं धरलं तर त्याचंच तोंड फाटावं. पट्टाही कुत्र्याबरोबर आला.

हिंमतरावाला मोतीला साखळीने धरून नंदुरबारच्या बाजारात मिरवायचं होतं. पण मोती जोरात ओढायचा. एकदा पाटलाचं धोतर सुटलं, पागोटं चिखलात पडलं. त्या दिवशी या शहाण्याने पट्टा उलटा करून बांधला. खिळे आत.

"आते व्हढ म्हना!" आता ओढून दाखव म्हणावं, असं तो पारावर सांगायचा. बसलेले माना डोलवायचे. पाटलाची मेहेरबानी हवी तर दुसरं काय करणार? शी!

हिंमतरावाची थोरली बहीण भिकुबाई. नवरा वारल्यावर भावाकडेच राहायची आणि दिवसभर मळ्यावर एकटी राबायची. सोबतीला मोती. त्याची मान चिघळली, अळ्या पडल्या, घाण वास सुटला. घरातले नाकाला पदर लावून बाजूने जायचे. भिकुबाई मात्र सीताफळाचा पाला वाटून तो रस जखमेत पिळायची आणि काडीने अळ्या काढायची. जखम भरत आली की बाजाराचा वार यायचा, आणि पुन्हा तोच पट्टा. असंच चाललं तर मोती जगणार नाही, हे तिला दिसत होतं.

शेवटी तिने मोटेचं झिजलेलं चामडं घेतलं, आतून जुन्या लुगड्याच्या घड्या लावल्या आणि दाभणाने शिवायला बसली. एक पट्टी छातीवरून, एक पुढच्या पायांमागून पोटाभोवती, साखळीची कडी छातीवर. माझं घर शेजारीच. मी विचारलं तर म्हणाली, "टांगानं घोडं छातीघाई व्हढस, नरडाघाई नही." टांग्याचं घोडं छातीने ओढतं, गळ्याने नाही.

मोतीने ओढलं की छातीची कडी त्याला वळवायची आणि तो भिकुबाईकडे तोंड करून उभा राहायचा. गळ्याला काही नाही. हिंमतराव खूश झाला, पण पारापर्यंतच. तिथे कोणीतरी खिदळलं, "पाटील, कुत्राले चोळी कोनी शिवी?"

झालं! पाटलाने तिथेच त्या चोळीचे बंद सोडले आणि गड्याला घरून पट्टा आणायला पिटाळलं. गड्यामागून भिकुबाईही आली. बायका पारावर येत नसत, ती आली.

"हिंमत, मरी जाई तो."

"काही नही व्हस. जनावरले काय दुखस?"

"नही दुखस ना? मंग पहिले तू घाल."

सगळे त्याच्याकडे बघत होते. आता माघार घेतली तर अब्रू जाणार. हसत हसत त्याने पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधला. भिकुबाईने साखळी धरली आणि एक हिसका दिला. गाय खुंट्याकडे वळवताना देतो तेवढाच. हिंमतराव असा किंचाळला की पारावरच्या चिमण्या उडाल्या.

पुढे कितीतरी दिवस तो ओसरीवर मान दाखवत बसला. खिळे किती आत गेले, रात्री कशी ठणक लागते, सगळं सांगायचा. तेच पारावरचे लोक येऊन "अरेरे, पाटील!" करून हळहळायचे. मोती तिथेच पायरीशी निजलेला असायचा, गळ्याभोवती केस गेलेले, मांस लालभडक. त्याच्याकडे एकानेही मान वळवून पाहिलं नाही. मला तर त्या पाव्हण्यांच्या चहाचीही किळस आली.

एकदा सगळे बसलेले असताना भिकुबाई वाटी घेऊन बाहेर आली.

"सीताफळना पाला वाटेल शे," ती भावाला म्हणाली. "लावू?"

हिंमतरावाने मान खाली घातली. पुढच्या बाजाराला मोती चोळी घालूनच गेला.