मनगटावरचा आकडा

गिरदावर काकांविषयी मी लिहावं का, हे मला अजून कळत नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही. त्यांच्या घरामागच्या खोलीतला भाडेकरू. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याचा सराव परीक्षेपुरता. कुठे चुकलो तर त्यांना ओळखणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काका महसूल खात्यातून गिरदावर, म्हणजे मंडल निरीक्षक, म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर शेतांच्या हद्दी मोजल्यामुळे अंदाजाने बोललेलं त्यांना खपत नसे. आदिलाबादच्या बाजारात कोणी ‘दुकान जवळच आहे’ म्हणालं, तर किती पावलं म्हणून विचारत. मी एकदा अभ्यास बराच झाला म्हणालो. “बराच मंजे किती पानं? मोजून सांग, बाबू.”

नव्वदच्या दशकात त्यांचं हृदय कमजोर झालं. पायांवर सूज, चपलेचा पट्टा लावायला वाकलं तरी धाप. त्यात ठोके अनियमित, एक घाईचा तर एक उशिराचा. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली आणि बजावलं की नाडी मिनिटाला साठच्या खाली असेल, तर त्या दिवशी ती घ्यायची नाही. स्वतःची नाडी स्वतः मोजायला काका तयार नव्हते. “वावराचा मालक अन् मोजणारा एकच नसावा,” म्हणत त्यांनी ते काम मला दिलं.

रोज सकाळी मी मनगट धरून घड्याळात बघे, आणि काका माझ्या तोंडाकडे. एका आठवड्यात आकडा अठ्ठावन्न, छप्पन्न असा येऊ लागला. सांगायला जीभ रेटेना.

“काऊन रे, घुटमळून काऊन राह्यला? आला तो आकडा सांग.”

मी सांगत गेलो. पाच दिवस गोळी बंद राहिली. सहाव्या दिवशी त्यांना बसल्या जागीही श्वास घेता येईना.

त्यांच्या मुलाने त्यांना आणि काकूंना हैदराबादला नेलं, मीही सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवूनच छातीला स्टेथोस्कोप लावला. मनगटावर साठाच्या आत, छातीत एकशे वीसच्या वर. हृदय इतक्या घाईत धडकत होतं की अर्धे ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते. गोळी थांबवायला नको होती. मोजणारा मीच, हे मी कसंबसं कबूल केलं.

पलंगावरून काका म्हणाले, “पोरानं बरोबर मोजलं, साहेब. मनगट मीच पुढं केलं होतं.”

पुढे गोळ्यांनीही ठोके आवरेनात. तेव्हा डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयात न्यायची, वरच्या कप्प्यांतले ठोके खालच्या कप्प्यांत पोचवणारी जागा जाळायची, आणि मग छातीत बसवलेल्या यंत्राने हृदय चालवायचं. जाळलेलं पुन्हा जुळणार नव्हतं. काकांनी विचारलं, “मशीन बंद पडली त?” डॉक्टर म्हणाले, क्वचित पडते, पडणारच नाही असं मी लिहून देणार नाही. हा माणूस हातचं राखून बोलत नाही, असं म्हणून काकांनी दस्तखत केली.

ऑपरेशन व्हायच्या आधीच माझी परीक्षा तोंडावर आली. पाया पडलो तर त्यांनी हाकललंच. “जाय आता. इथं बसून का माह्या जीवाले धरून ठेवतं?”

आदिलाबादला आलो. पुढच्या दाराला कुलूप. हैदराबादचा पत्ता मी घेतलाच नव्हता. पेपर लिहिताना न दिलेल्या पाच गोळ्या डोळ्यांपुढे येत. संध्याकाळी स्टँडवर जाऊन हैदराबादच्या गाडीतून उतरणारी माणसं बघत उभा राही. शेजारी आधी रोज विचारत, काही कळलं का; मग विचारेनासे झाले. ते जास्त लागलं.

चौथ्या आठवड्यात पोस्टमनने कार्ड दिलं. अक्षर मुलाचं, शब्द काकूंचे:

“आपरेशन झालं. काल तुझे काका कोणाले न सांगता जिना चढून गच्चीवर गेले. मी खाली घरभर शोधून राह्यली, अन् हे वरून मलेच हाका मारून राह्यले.”