कोऱ्या बर्फावरची रेघ

ऑरेस्ट हालिक कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या एका गावात शाळेची बस चालवायचा आणि हिवाळाभर बर्फावरच्या हॉकीचा पंच असायचा. सव्वीस वर्षं. शनिवारी गावाने त्याला शिव्या घालायच्या आणि सोमवारी त्याच्याच बसमध्ये पोरं बसवायची, याचं कुणालाच काही वाटत नसे. गावच्या संघातून खेळलेला एकटा डार्सी तेवढा त्याला पाहून मान फिरवायचा. अकरा वर्षांपूर्वी, अंतिम सामन्यात, डार्सीच्या स्केटला लागून गेलेला गोल ऑरेस्टने बाद केला होता. या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती असते; ती पायाला लागून आत गेली तर चालतं. लाथ मारून घातलेली चालत नाही. त्या दिवशी चषक गेला.

आज पुन्हा अंतिम सामना, बरोबरी, जादा वेळ. डार्सी आता गावच्या संघाचा प्रशिक्षक. नुकतंच पाणी फिरवून बर्फ कोरा केलेला. दुसऱ्याच मिनिटाला गावच्या संघातल्या रीडच्या स्केटवरून चकती जाळ्यात गेली आणि गाव उभं राहून नाचायला लागलं. ऑरेस्टने दोन्ही हात आडवे फिरवले. गोल नाही.

"आंधळ्या! बस कशी चालवतोस रे?"

कॉफीचा कप त्याच्या पायाशी येऊन फुटला. तरी त्याने कुठल्याच पंचाने करू नये ते केलं: डार्सीला बर्फावर बोलावलं.

डार्सी बूट घसरवत आला. "आता काय नाटक?"

"ही रेघ बघ. इथवर स्केट टेकलेला. इथे तुटली, पुढे दोन फुटांवर परत सुरू. पाय उचलून मारलाय पोराने."

डार्सी वाकून बघत राहिला. उभा जन्म बर्फावर गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"आणि माझी रेघ?" त्याने खालच्या आवाजात विचारलं. "ती कुठे होती?"

ऑरेस्ट बर्फाकडे बघत म्हणाला, "तेव्हा बर्फ पार उकरलेला होता. आणि गोलरक्षक मध्ये आडवा. मला दिसलंच नाही, डार्सी. मी अंदाजाने बाद दिला."

"अकरा वर्षं," डार्सी म्हणाला, "तो पाय मी मनात पुन्हा पुन्हा टाकून बघतोय. शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, मारलीच असेल मी लाथ."

डार्सीने बाहीने तोंड पुसलं आणि आपल्या पोरांकडे वळून ओरडला, "लाथच होती! चला, उतरा खेळायला!"